बुग्याल चढायचं तर गटानं

आज बचतीचं, कर्जाचं बोलणार नाही. आज बोलायचं आहे फिरायला जायच्या तयारीबद्दल. आमच्या गटातल्या दहाजणी येत्या चैत्रात उत्तराखंडात दयारा बुग्यालाला पायी जाणार आहोत. दोन वर्षं तयारी चालली आहे. तिच्यातलं जे तुमच्याही कामाला येईल ते सांगतो.

बुग्याल म्हणजे हिमालयातलं उंचावरचं गवताळ कुरण. डोंगरात एका उंचीनंतर झाडं वाढत नाहीत, तिथून पुढं नुसतं गवत आणि फुलं. हिवाळ्यात सगळं बर्फाखाली, उन्हाळ्यात गावाची गुरं तिथं चरायला. दयारा उत्तरकाशी जिल्ह्यात आहे, उंची सुमारे ३,४०० मीटर. पायथ्याला रैथल आणि बार्सू ही गावं. भाद्रपदाच्या संक्रांतीला रैथलचे लोक दूध, ताक, लोणी घेऊन बुग्यालावर जातात, कुरणाचे आभार मानतात आणि एकमेकांना लोणी फासून खेळतात. आपण बैलपोळा करतो, तसाच त्यांचा हा सण. म्हणून ही जागा आम्हाला लांबची वाटली नाही.

पहिला प्रश्न घरातून आला. "तिथं देव कुठला?" काशी-पंढरी म्हटलं की घर लगेच हो म्हणतं. नुसतं डोंगरात चालायला जायचं म्हटलं की सासूबाईंपासून भावकीपर्यंत सगळ्यांना कारण हवं असतं. आम्ही भांडलो नाही. गटाच्या बैठकीला घरच्या माणसांनाच बोलावलं, नकाशा दाखवला, खर्च मांडला आणि दहा दिवस कोणाच्या घरी भाकरी कोण करणार, धार कोण काढणार हे तिथंच ठरवलं. उत्तरकाशी जिल्ह्यातल्याच नाकुरी गावच्या बचेंद्री पाल १९८४ साली एव्हरेस्टवर गेल्या, हेही सांगितलं. एका सासूबाई म्हणाल्या, "जा, पण फोटो आणा." तेवढं पुरे होतं.

दुसरा प्रश्न महिन्याचा. मे महिन्यात गंगोत्रीच्या रस्त्यावर यात्रेची गर्दी, पावसाळ्यात दरडी कोसळतात, ऑक्टोबरात आपलं सोयाबीन. चैत्रात मात्र गहू-हरभरा घरात आलेला असतो आणि गंगोत्रीचं मंदिर अक्षय्य तृतीयेला उघडतं. त्याच्या आधी गेलं तर वाट शांत असते आणि तिकडच्या जंगलात बुरांसाची लाल फुलं असतात. वर थोडा बर्फ असू शकतो, म्हणून गावातला वाटाड्या घ्यायचाच. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. तो दिवस भिंतीवरच्या कॅलेंडरात गोल करून ठेवला आहे.

तिसरा प्रश्न पैशाचा. इथं आमचा नियम कडक आहे. गटाच्या बचतीला हात नाही आणि सहलीसाठी कर्ज नाही. माणशी बारा हजार रुपये लागतील असा आमचा अंदाज. दरमहा ३०० रुपये वेगळे, २४ महिने, म्हणजे ७,२०० झाले. उरलेले उन्हाळ्यात पापड-कुरडया विकून. हिशेबाची वही वेगळी, आणि ती दर बैठकीत मोठ्यानं वाचायची.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आपलं कळसूबाई शिखर १,६४६ मीटर. रैथल गावच सुमारे २,२०० मीटरवर आहे. म्हणजे तिथं रात्री अंथरुणावर पडलो तरी आपण कळसूबाईच्या माथ्याच्या वर असतो. दयाराला पोचेपर्यंत हवा इतकी विरळ होते की दर श्वासाला इथल्या जेमतेम दोन तृतीयांश प्राणवायू मिळतो. तो अंगभर पोचवण्याचं काम रक्तातलं हिमोग्लोबिन करतं. महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, हे सरकारी पाहणीत दिसलं आहे. म्हणून आम्ही बुटांच्या आधी रक्त तपासलं.

तिघींचं हिमोग्लोबिन कमी निघालं, एकीचं तर आठ. सातजणी जाऊ शकत होत्या, गेल्या चैत्रातच. बैठकीत दोन तास बोलणं झालं. शेवटी ठरलं, वर्षभर थांबायचं. गटात हप्ता चुकणारीला आपण टाकून देत नाही, मग इथं कसं टाकणार? तिघींनी डॉक्टरांच्या सल्ल्यानं लोहाच्या गोळ्या आणि जंताचं औषध घेतलं. गोळी चहासोबत नाही, लिंबूपाण्यासोबत. दोघी आता बाराच्या वर आहेत. तिसरीचं साडेअकरा झालं आहे. ती वर चढेल की रैथलला थांबेल हे डॉक्टर सांगतील. थांबली तर सोबत एकजण थांबणार, तेही आताच ठरलं आहे. बीपी, साखर, दमा असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय निघूच नये.

चालण्याचे नियम असे. हरिद्वारहून उत्तरकाशीला भल्या पहाटे निघायचं, घाटात रात्रीचा प्रवास नाही. रैथलला पोचल्यावर एक दिवस फक्त गावात फिरायचं, अंगाला हवेची सवय होऊ द्यायची. चढताना सगळ्यात हळू चालणारी सगळ्यात पुढं, बाकीच्या तिच्या मागं. डोकं दुखणं, मळमळ, चक्कर, भूक मरणं ही उंची न सोसल्याची लक्षणं. ती दिसली तर त्या दिवशी पुढं चढायचं नाही. बरं वाटलं नाही तर खाली उतरायचं. बसल्या जागी दम लागला किंवा झोक जायला लागला तर लगेच खाली, वेळ बघायची नाही. आणि दुखतंय हे लपवायचं नाही. सोसायची सवय आपल्याला फार, पण ती इथं जिवावर बेतते.

सामान थोडं. अंगाला सुती कपडा नको, घामानं ओला झाला की गार पडतो. त्यावर लोकर, वर वारा-पावसाचं जाकीट. बूट दोन महिने आधी घेऊन रोज वापरायचे. आम्ही दर रविवारी पाठीवर पाच किलो घेऊन गावची टेकडी चढतो. लोक हसायचे, आता विचारतात, "आज किती फेऱ्या?" खायला गूळ-शेंगदाण्याचे लाडू. पाळीचं सामान जास्तीचं, आणि वापरलेलं पिशवीत बांधून परत खाली.

कारण ते कुरण कुणाच्या तरी गुरांचं आहे. २०१८ साली उत्तराखंडच्या उच्च न्यायालयानं बुग्यालांवर रात्रीच्या मुक्कामाला मनाई केली आणि पर्यटकांची संख्या २०० वर आणायला सांगितली. तंबूंनी, कचऱ्यानं गवत मरत होतं. म्हणून मुक्काम खालीच, वनखात्याला आणि वाटाड्याला विचारून. राहायचं गावातल्या घरात, म्हणजे पैसे तिथल्या बाईच्या हातात जातात. तिकडं गावोगावी महिला मंगल दलं आहेत. त्यांच्याबरोबर एक संध्याकाळ बसायचं आम्ही ठरवलं आहे. त्यांच्या पाठीवर गवताचा भारा, आपल्या डोक्यावर. बोलायला विषय कमी पडणार नाही.

तुमच्या गटाला हिमालय नको असेल तर जवळचा गड बघा. पण पुढच्या बैठकीच्या विषयांत एक ओळ वाढवा: आपल्यासाठी कुठं जायचं? आणि त्या आठवड्यातच सगळ्याजणी मिळून आरोग्य केंद्रात रक्त तपासून या. सहल ठरो न ठरो, तेवढं काम तरी होऊन जाईल.