घरांतील दुचाकी व पुरेसा विरोध

पुण्याच्या एका घरांत भर पावसाळ्यांत एक कन्या रोज पहाटे तासभर दुचाकी चालवी; पण दुचाकी जागची हलत नसे. मागील चाक पोलादी घडवंचीवर अडकविलेलें, त्यास टेकून एक रूळ, व रुळाच्या टोकास तेलानें भरलेली डबी. पाऊस सरतांच सिंहगडाचा चढ वाटेंत कोठेंही न उतरतां चढावयाचा, हा तिचा निश्चय. चढ म्हणजे हलका गिअर, या हिशेबानें तिनें पुढें ३४ दांत्यांचें व मागें २५ दांत्यांचें चक्र लावलें. पायटे भिरभिर फिरले. दीड महिना गेला, तरी मांड्यांस ताण म्हणून जाणवेना. यंत्र निकामी आहे, परत करावें, असें घरांत जवळजवळ ठरलें.

दोष यंत्राचा नव्हता. चढावर स्वाराला मागें ओढतें तें वजन. स्वार व दुचाकी मिळून ८० किलो, शंभर मीटरांत ८ मीटर चढणारा रस्ता व ताशी ९ किलोमीटर वेग धरला, तर केवळ वजन वर नेण्यासच सुमारें १५७ वॅट शक्ति लागते. वेग मंदावला म्हणून वजनाची ओढ तसूभरही कमी होत नाहीं. घरांतील साध्या यंत्रास मात्र वजनाशीं कांहींच कर्तव्य नसतें. तें ओळखतें फक्त चाकाची गति. पंख्याच्या यंत्रांत चाकाचा वेग दुप्पट केला कीं शक्ति आठपट लागते. तेलाच्या डबींतही प्रकार बहुतेक तसाच.

लोहचुंबकाच्या यंत्राची रीत निराळी. चुंबकाजवळ धातूची तबकडी फिरली कीं तिच्यांत भोवऱ्यासारखे विद्युत्प्रवाह उठतात व तिची गति रोधतात. फ्रान्समध्यें फूको यांनीं १८५५ सालीं दाखविलें कीं अशी तबकडी तापतेहि. कोपनहेगनचे ऑगस्ट क्रोग यांनीं १९१३ सालीं स्नायूंचें कार्य मोजण्यासाठीं केलेल्या दुचाकीस असाच विद्युच्चुंबकाचा रोधक होता. हल्लींचीं महाग यंत्रें विद्युच्चुंबकाचा जोर आपोआप कमीजास्त करून चढाचा भास उत्पन्न करितात. तीं ज्यांच्या घरीं आहेत त्यांस पुढील खटाटोपाचें कारण नाहीं.

आतां त्या कन्येचे दांते मोजूं. चाकाचा परीघ २.१ मीटर, पायट्यांचे फेरे मिनिटास ६०. तिच्या गिअरनें चाकाचा वेग ताशी सुमारें १० किलोमीटर होतो. पुढें ५० व मागें १३ दांते घेतले, तर त्याच ६० फेऱ्यांत तो २९ वर जातो. वेग पावणेतीनपटींहून थोडा अधिक. पण पंख्याच्या नियमानें शक्ति बावीसपट! म्हणजे रस्त्यावर चढासाठीं जो गिअर योग्य, नेमका तोच घरांत निरुपयोगी. घरांत चढ हवा असेल तर जड गिअर लावून पाय सावकाश फिरवावे. पुढील चाकाखालीं लांकडी ठोकळा ठेवून चढ निर्माण होतो, अशी कित्येकांची समजूत असते. त्यानें दुचाकी तिरपी होते, विरोध रतिभरही वाढत नाहीं.

दुसरी गोष्ट चाकाच्या पकडीची. टायरांत हवा कमी असली, किंवा रूळ नीट दाबून बसविला नसला, तर जोरानें पाय मारतांच टायर घसरतें व केलेलें श्रम फुकट जातात. म्हणून दर खेपेस हवा सारखीच भरावी व रुळाचा स्क्रूहि तितकेच फेरे आंवळावा. फार आंवळला तर टायर झिजतें, हेंही ध्यानांत असावें. तेल तापलें कीं पातळ होतें; यास्तव पहिल्या दहा मिनिटांवरून यंत्राची परीक्षा करूं नये.

विरोध खरोखर मिळूं लागला कीं उष्म्याचा प्रश्न येतो. शरीर खर्चितें त्या शक्तीचा जेमतेम चौथा हिस्सा पायट्यांस पोंचतो. बाकीची उष्णता होऊन अंगांतच साचते, आणि बंद खोलींत वारा नसतो.

त्या कन्येनें गिअर बदलला, टायरांत हवा भरली, रूळ दोन फेरे अधिक आंवळला. तिसऱ्याच दिवशीं तिनें खोलींत पंखा मागितला, आणि यंत्र परत पाठविण्यासाठीं काढून ठेवलेलें खोकें पुन्हां माळ्यावर गेलें.