काडतुसाची पुंगळी कापण्याचे यंत्र निवडताना



बंदूक झाडली की गोळी पुढे जाते आणि पितळेची रिकामी पुंगळी मागे राहते. ती पुंगळी पुन्हा भरून वापरता येते. भरण्याआधी तिचे तोंड कापून ती मापात आणावी लागते, आणि त्यासाठी एक लहानसे यंत्र मिळते. हे यंत्र कसे पारखून घ्यावे, एवढाच आजचा विषय.

हा उद्योग मुख्यतः अमेरिकेतला. तिकडे शिकारी आणि निशाणबाज घरच्या घरी, पडवीतल्या बाकावर बसून, आपली काडतुसे आपण भरतात. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्यावाचून काडतुसे बनवणे हा गुन्हा आहे, हे प्रारंभीच सांगून टाकतो. तेव्हा ऐकून कोणी घरात प्रयोग मांडू नये. पण आपल्या गावची मुले आज अमेरिकेत आहेत, त्यांच्यापैकी कोणाला हा नाद लागला तर त्याने काय घ्यावे हे कळलेले बरे. शिवाय पितळ, कानस आणि कॅलिपर यांना कोणत्याही देशाची हद्द नाही. शाळेत कार्यशाळेचा तास घेणाऱ्या गुरुजींना यात सांगण्यासारखे पुष्कळ सापडेल.

आधी एक शंका दूर करू. २०२४ साली पॅरिसला आपल्या कोल्हापूर जिल्ह्याच्या स्वप्नील कुसळे यांनी ५० मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवले. त्या स्पर्धेतली काडतुसे अशी भरता येतात काय? नाही. ती बारीक पॉइंट टू-टूची. तिच्यात पेट घेणारा मसाला पुंगळीच्या कडेतच भरलेला असतो आणि घोडा पडला की ती कडच चेपते. एकदा झाडली की संपली. पुन्हा भरता येते ती बुडाच्या मधोमध वेगळी टोपी बसवलेली पुंगळी.

आता या पुंगळीवर काय बेतते ते पाहा. अमेरिकी सैन्याने १९०६ साली स्वीकारलेले थर्टी-ऑट-सिक्स हे काडतूस घेऊ. दारू पेटली की आत दर चौरस इंचाला ६०,००० पौंडांपर्यंत दाब चढू शकतो. मोटारीच्या चाकात हवा असते साधारण ३० पौंडांची. म्हणजे त्याच्या दोन हजार पट! त्या क्षणी पितळ फुगून बंदुकीच्या कोठीला घट्ट चिकटते, तापलेला वायू मागे येऊ देत नाही, आणि दाब उतरला की किंचित आकसून सुटे होते. शंभर भागांत सत्तर भाग तांबे आणि तीस भाग जस्त असे हे पितळ असते. लोखंडापेक्षा मऊ, पण पुन्हा मागे सरण्याचा गुण अंगी असलेले.

फुगलेली पुंगळी पुन्हा भरायची तर साच्यातून दाबून मूळ जाडीला आणावी लागते. दाबलेले पितळ जाणार कुठे? ओल्या मातीचा गोळा मुठीत आवळला तर माती बोटांच्या फटीतून वर येते, तसे हे पितळ मानेकडे सरकते. दर खेपेला पुंगळी केसभर लांब होत जाते. थर्टी-ऑट-सिक्सची कमाल लांबी २.४९४ इंच. त्यापुढे गेली की कापायची ती २.४८४ वर, म्हणजे इंचाचा शंभरावा भाग खाली. आपल्या सुताराच्या भाषेत सांगायचे तर एका सुताचे बारा भाग करा, त्यातला एक.

एवढ्याशा फरकाने काय बिघडते, असे तुम्ही म्हणाल. कोठीच्या पुढच्या टोकाला जागा अरुंद होत जाते. लांब झालेल्या पुंगळीचे तोंड त्या अरुंद जागेत शिरते आणि गोळीला चिमटीत धरते. दारू पेटल्यावर मान फुगून गोळी सुटायला हवी, ती सुटत नाही. मागे दाब बेसुमार चढतो. मग बंदूक फुटण्यापर्यंत पाळी येऊ शकते, आणि झाडणाऱ्याचा डोळा तिच्यापासून वीतभर अंतरावर असतो.

म्हणून यंत्र घ्यायचे ते मापासाठी. वेगाकडे नंतर पाहावे. बाजारात मुख्यत्वे तीन-चार तऱ्हा दिसतात. सर्वांत साधी लीची. एक कटर, आणि त्यात आटे देऊन बसवायची एक पोलादी सळई. सळईचे टोक पुंगळीच्या तोंडातून शिरून बुडाच्या भोकातून बाहेर येते आणि खालच्या पट्टीला टेकते. टेकले की कापणे आपोआप थांबते. माप सळईच्या लांबीतच कोरलेले. ते चुकवू म्हटले तरी चुकवता येत नाही. ज्याच्याकडे एकच रायफल आहे आणि जो महिन्याला वीस-पंचवीस पुंगळ्या भरतो, त्याने हीच घ्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्या जातीच्या काडतुसाला दुसरी सळई लागते, एवढीच तिची खोड.

पण भोक मधोमध असेल तरच ही सळई चालते. युरोपातल्या पुष्कळ लष्करी पुंगळ्यांना मधोमध भोक नसून बाजूला दोन बारीक छिद्रे असतात. गंमत अशी, की दोन छिद्रांची रीत काढली बर्डन या अमेरिकनाने आणि एका छिद्राची बॉक्सर या इंग्रजाने. अमेरिकेने इंग्रजाची रीत उचलली आणि युरोपाने अमेरिकनाची!

दुसरी तऱ्हा म्हणजे छोटा लेथच. फॉर्स्टर, लायमन, आरसीबीएस यांची यंत्रे या जातीची. पुंगळीचे बूड एका टोकाला पकडीत धरायचे, दुसऱ्या टोकाने कटर पुढे आणायचा आणि हाताने दांडा फिरवायचा. कटरच्या पुढे एक गोल खिट्टी असते, तिला पायलट म्हणतात. ती पुंगळीच्या मानेत सैल न राहता आणि घट्टही न होता बसली पाहिजे; सैल राहिली तर तोंड तिरके कापले जाते. विकत घेताना आपल्या मापाचा पायलट सोबत आहे की वेगळा घ्यावा लागेल, हे आधी विचारावे. पुष्कळदा यंत्र घरी येते आणि पायलटवाचून पडून राहते. वेगवेगळ्या मापांच्या रायफली असतील तर ही तऱ्हा परवडते. मात्र पकड बुडाच्या कडेवर असते. कडेची जाडी पुंगळीगणिक थोडी कमीजास्त असली, की काही बनावटींत तेवढा फरक लांबीत उतरतो.

ही अडचण टाळली विल्सनने. त्याच्या यंत्रात कडेला कोणी पकडत नाही. पुंगळी एका पोलादी नळकांड्यात हलकेच ठोकून बसवायची. तिचा निमुळता देह त्या नळकांड्यात रुतून राहतो. कापलेले तोंड अगदी काटकोनात येते. लांबवरच्या निशाणावर स्पर्धा खेळणारे म्हणूनच याला पसंती देतात. काम संथ चालते, पण ज्याला घाई आहे त्याने हा नादच करू नये. विजेवर चालणारी यंत्रेही आहेत. शेकडो पुंगळ्या असतील तर त्यांचा विचार करावा, एरवी नाही.

आणखी एक जुनी रीत म्हणजे कडक पोलादाचा साचा. पुंगळी त्यात घालायची, जेवढे तोंड वर राहील तेवढे कानशीने घासून टाकायचे. आपल्या लोहारालाही पटेल असे काम.

यंत्र कोणतेही असो, क्रम एकच. आधी साच्यातून दाबायची, मग मोजायची, मग कापायची. दाबण्याआधी कापाल तर दाबल्यावर ती पुन्हा वाढेल आणि मेहनत पाण्यात जाईल.

आता सोबतच्या वस्तू. यंत्राहून आधी घ्यावा तो कॅलिपर. इंचाचा हजारावा भाग दाखवील असा हवा, आणि प्रत्येक वेळी जबडे मिटवून शून्यावर येतो की नाही ते पाहायला हवे. कापल्यावर तोंडाला बर राहते. ती आतून-बाहेरून काढण्याचे दुतोंडी हत्यार स्वस्त मिळते. आतून काढली नाही तर गोळी बसताना खरचटते. फार मात्र घासू नये. तोंडाला सुरीसारखी धार आणायची नाही.

पितळ चकचकीत करण्यासाठी भुसा किंवा भरडलेली मक्याची कणसे भरलेले हलते भांडे मिळते. ते घ्या, न घ्या. पण अमोनिया असलेले पॉलिश मुळीच वापरू नये. याचा धडा जगाला हिंदुस्थानातच मिळाला. इंग्रजी अमदानीत पावसाळ्यात लष्करी हालचाल थंडावली, की काडतुसे तबेल्यांत साठवून ठेवीत. पावसाळा सरल्यावर पाहावे तो कित्येक पुंगळ्यांना आपोआप तडे गेलेले, तेही बहुधा गोळी जिथे आवळलेली असते तिथे. कारण उलगडले १९२१ साली. घोड्यांच्या मुतातला अमोनिया हवेत मिसळे आणि आधीच ताणाखाली असलेले पितळ तडकत असे. पितळ ठोकून, ओढून आकाराला आणले की त्याच्या अंगात ताण राहतो. पुण्याच्या तांबट आळीत मठारकाम करणारे कारागीर धातू अधूनमधून भट्टीत लालसर करून नरम करतात, ते याचसाठी. पुंगळीची मानही अशी तापवून नरम करतात. बूड मात्र कधीही तापवू नये, कारण सगळा दाब तेच झेलते. नरम बूड म्हणजे घात.

शेवटची वस्तू दुकानात मागायला नको: सायकलच्या तारेचा एक तुकडा. त्याचे टोक घासून अणकुचीदार करावे आणि काटकोनात वाकवावे. मानेकडे सरकलेले आणि तुम्ही कापून टाकलेले पितळ आले कुठून? बरेचसे बुडाजवळच्या भिंतीतून. चार-पाचदा कापलेली पुंगळी तिथे आतून पातळ होते, बाहेरून त्या जागी पुसटशी चकाकती रेघ दिसते. तार आत घालून बुडाकडून वर ओढावी. खाच लागली की ती पुंगळी पक्कडीने चेपायची आणि मोडीत टाकायची, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या हाती लागून ती पुन्हा भरली जाणार नाही.