अनारशावरची खसखस
(मंडळाच्या कार्यक्रमात केलेलं भाषण)



मी कॉम्प्युटर इंजिनिअर. रसायनशास्त्राचा आणि माझा काडीमोड बारावीतच झाला. तरी आज पाण्यातल्या विषारी धातूंबद्दल बोलणार आहे, कारण चूक माझ्याच घरात झाली.

आमची मुलगी सहा महिन्यांची होती. आई भारतातून आलेली, तिच्या दुधाचं पाणी रोज उकळायची. मी म्हणायचो, "आई, फिल्टर आहे ना!" आम्ही दोघंही चुकत होतो. उकळल्याने जंतू मरतात, शिसं जात नाही. पाणी आटतं, शिसं तेवढंच राहतं. आणि माझ्या फिल्टरचं कार्ट्रिज वर्षभर बदललेलं नव्हतं.

फिल्टर धातू पकडतो तो अधिशोषणाने. शब्द अवघड आहे, पण आपल्या ताटातलाच. गुलाबजामात पाक आत मुरतो, ते शोषण. अनारशाला खसखस वरून चिकटते, ते अधिशोषण. जितका पृष्ठभाग जास्त, तितकं जास्त चिकटणार. म्हणून सच्छिद्र पदार्थ लागतात. एक ग्रॅम सक्रिय कोळशाचा पृष्ठभाग हजार चौरस मीटरपर्यंत भरू शकतो!

याचं सुंदर उदाहरण बांगलादेशातलं. तळ्यांच्या दूषित पाण्याला पर्याय म्हणून १९७०च्या दशकात तिथे युनिसेफच्या मदतीने हातपंप बसू लागले. पण जमिनीखालचं आर्सेनिक कुणी तपासलंच नाही. ते १९९३ मध्ये उघडकीला आलं. आपल्या भाषेत, टेस्टिंग न करताच सिस्टिम लाइव्ह गेली.

मूळचे तिथल्या कुष्टियाचे अबुल हुसाम हे व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ. त्यांनी 'सोनो' फिल्टर बनवला. एकाखाली एक दोन बादल्या. वरच्या बादलीत वाळू आणि खास प्रक्रिया केलेलं लोखंड. खालच्या बादलीत वाळू, लाकडी कोळसा, विटांचे तुकडे. गंजलेल्या लोखंडाला आर्सेनिक घट्ट चिकटतं. वीज लागत नाही. २००७ साली या फिल्टरला अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगचं १० लाख डॉलरचं ग्रेंजर पारितोषिक मिळालं. त्यातला मोठा वाटा हुसाम यांनी गरजूंना फिल्टर देण्यासाठीच ठेवला.

कारखान्यांच्या सांडपाण्यातून शिसं, कॅडमियम काढायलाही हेच तत्त्व वापरतात. पण मंडळी, विष नाहीसं होत नाही, फक्त जागा बदलतं. वापरलेला माल उकिरड्यावर टाकला, तर ते पुन्हा पाण्यात झिरपू शकतं. शिवाय अनारसा भरला की आणखी खसखस बसत नाही. फिल्टर भरल्यावरही पाणी तसंच नितळ दिसतं, चव तीच लागते, आणि धातू सरळ पेल्यात येतो.

हे वाचल्यावर मी आमच्या कार्ट्रिजचं खोकं शोधलं. ते शिशासाठी नव्हतंच, फक्त चव सुधारण्यासाठी होतं! घर जुनं, नळ जुने. पाणी तपासायला दिलं. थोडं शिसं निघालं. मुलीच्या रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत घरात कुणी धड जेवलं नाही. सुदैवाने तो ठीक आला.

तेव्हा एवढंच करा. खोक्यावर 'एनएसएफ ५३' आणि 'लेड' हे दोन्ही लिहिलेलं आहे का बघा, आणि कार्ट्रिज बदलल्याची तारीख फ्रिजवर लावा. आमच्याकडे ते काम आता आई करते. माझ्यावर तिचा विश्वास राहिलेला नाही!