मोजणीबाहेरची मुले

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



आपल्यापैकी जे कोणी या नगरीत नवखे म्हणून आले, त्यांना पहिल्या भेटीतच एखाद्या मराठी माणसाने विचारले असेल, 'कुठे उतरलात?' या प्रश्नात आस्था असते, आणि वेळ पडल्यास आपल्या घरी अंथरूण घालण्याची तयारीही असते. हा प्रश्न ज्यांना कोणीच विचारीत नाही, अशा मुलांविषयी मी आज चार शब्द बोलणार आहे. आनंदाच्या प्रसंगी हा विषय काढल्याबद्दल क्षमा असावी. परंतु सणाच्या दिवशी दाराशी कोण उभे आहे हे पाहण्याचीच आपली रीत आहे.

सोलापूरवरून उद्यान एक्स्प्रेस आणि मिरज-बेळगावकडून राणी चन्नम्मा एक्स्प्रेस बंगळुरास येतात. ज्या गाड्यांनी आपण आलो, त्याच मार्गांनी घर सोडलेली मुलेही येतात. कोणी मार चुकवून, कोणी नापास झाल्याच्या धास्तीने, कोणी कामाच्या आशेने. स्टेशनासमोरचा मॅजेस्टिकचा परिसर हेच त्यांचे पहिले बंगळूर.

ही मुले किती? याचे नेमके उत्तर मिळत नाही, कारण आपली शिरगणती दारावर थाप मारून होते, आणि यांना दारच नसते. २०११च्या जनगणनेत बेघरांच्या मोजणीसाठी २८ फेब्रुवारीची रात्र राखून ठेवली होती. पदपथावर, पुलाखाली, मोठ्या नळांत, देवळांच्या आवारात आणि फलाटांवर निजलेली माणसे त्या रात्री मोजली गेली. देशाचा आकडा सुमारे १७ लाख ७३ हजार निघाला. २००१च्या मानाने एकूण संख्या घटली, पण शहरांतील बेघर मात्र ७ लाख ७८ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांवर गेले. त्या रात्री जो मुलगा गाडीत होता, किंवा अंगावर गणवेश पाहून आडोशाला सरकला, त्याची नोंद कोठे होणार? मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्था आणि ॲक्शनएड यांनी रस्त्यावरील मुलांची वेगळी गणना केली. २०१३ साली प्रसिद्ध झालेला तिचा आकडा ३७,०५९ होता.

मोजणीपेक्षाही अवघड गोष्ट वयाची आहे. बाल न्याय कायद्यानुसार अठरा वर्षांच्या आतील निराधार मूल सापडले, तर प्रवासाचा वेळ वगळून चोवीस तासांच्या आत त्याला बालकल्याण समितीपुढे न्यावे लागते. १९९६ साली मुंबईत सुरू झालेली १०९८ ही दूरध्वनीसेवा आता सरकारी यंत्रणेतून चालते. बालगृहातून अठराव्या वर्षी बाहेर पडणाऱ्यास एकविसाव्या वर्षापर्यंत साहाय्य करण्याची तरतूदही कायद्यात आहे. परंतु जो बालगृहात कधी गेलाच नाही आणि फलाटावरच एकोणीस वर्षांचा झाला, त्याचे काय? मुलांच्या यादीत त्याला जागा नाही. शहरात दर लाख वस्तीमागे एक निवारा असावा असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले. पण निवाऱ्यात रात्र निभावते. त्याला हवे असते ते ओळखपत्र, हाताला हुन्नर आणि भाड्याची खोली.

या नगरीत सेलेशियन धर्मगुरूंच्या पुढाकाराने १९८० साली 'बेंगळूर ओणियवर सेवा कूट', म्हणजेच 'बोस्को', ही संस्था उभी राहिली. 'ओणी' म्हणजे गल्ली. गल्लीतल्या मुलांकडे आपण होऊन जायचे, हा अर्थ तिच्या नावातच आहे. मुलगा आपल्या दारी येईल म्हणून वाट पाहिली, तर तो येत नाही. वही घेऊन एकदाच येणाऱ्याला तो खोटे नाव सांगतो. रोज येणाऱ्याला एखाद्या दिवशी खरे गाव सांगतो. म्हणून मोजणी आणि मदत ही दोन निराळी कामे मानू नयेत. ओळख झाल्यावाचून आकडा खरा होत नाही.

येथे आपल्या मंडळाला करता येण्याजोगे काम आहे. भेदरलेल्या मुलाला परक्या गावात आपली भाषा ऐकू आली, तर त्याची जीभ सुटते. मराठी दुभाषी म्हणून जाऊ शकणाऱ्या सभासदांची यादी आपण बालकल्याण समितीकडे आणि अशा संस्थांकडे द्यावी. मात्र मूल परस्पर घरी ठेवू नये, आणि ते घरातून का निघाले हे जाणल्यावाचून त्याला परतीच्या गाडीत बसवून मोकळेही होऊ नये. ज्या माराला भिऊन ते पळाले, त्याच माराकडे आपण त्याला धाडू. अठरा ओलांडलेल्यांसाठी आपल्यातील कारखानदारांनी उमेदवारीच्या दोन जागा ठेवाव्यात, आणि खोलीमालकाकडे कोणी ओळख द्यावी. आपल्यालाही या गावात पहिली खोली कोणाच्या तरी शब्दावरच मिळाली होती.

पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतारीख ठरली आहे. तोवर या परिसरातील पाच-दहा मुले जरी आपल्याला नावाने ठाऊक झाली, तरी या पन्नास वर्षांचे सार्थक झाले असे मी म्हणेन. चिटणीसांनी आज सभागृहाच्या दाराशी एक वही ठेवावी, आणि तिच्यात पहिले नाव माझे घालावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.