शर्यतीची मोटार आणि रहदारीचा रस्ता

संरक्षणाचें साधन जितकें भक्कम तितका माणूस सुरक्षित, असा सर्वसाधारण समज आहे. वेगवान मोटारीच्या बाबतींत मात्र तो पारखून घेणें इष्ट ठरतें.

उल्हासनगर आणि अंबरनाथवरून जाणारा कल्याण-बदलापूर रस्ता श्रोत्यांनीं डोळ्यांपुढें आणावा. रिक्षा, अवजड ट्रक, कारखान्यांतून सुटलेले कामगार आणि रस्ता ओलांडणारीं मुलें यांची तेथें गर्दी असते. या भागांतील एखादा हौशी तरुण आठवडाभर ज्या मोटारीनें कामावर जातो, तीच रविवारीं शर्यतीच्या मैदानावर नेऊं इच्छितो. त्यासाठीं तो मोटारींत पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवितो, चौपदरी पट्टे लावतो, आणि आपण दोन्हीकडे निर्धास्त झालों असें मानतो.

वस्तुतः शर्यतीचीं साधनें एकमेकांच्या आधारानें काम करितात. मोटार उलटली असतां पिंजरा छत दबूं देत नाहीं. परंतु चालकाच्या डोक्यावर शिरस्त्राण असणार, हें त्यांत गृहीत धरलेलें असतें. रस्त्यावर शिरस्त्राण घालून मोटार चालविली तर दृष्टीचा टापू आखडतो आणि भोंगे नीट ऐकूं येत नाहींत. न घालावें तर साध्या धडकेंतहि उघडें डोकें त्याच पोलादी नळीवर आदळूं शकतें. ज्या साधनानें मैदानावर प्राण वांचावयाचा, तेंच रस्त्यावर प्राणावर बेततें.

पट्ट्यांचेंहि असेंच आहे. निल्स बोलिन या स्वीडिश अभियंत्यानें व्होल्व्हो कंपनींत 1959 सालीं आणलेला तीन टोकांचा पट्टा आज सर्वत्र रूढ आहे. त्याचें आजचें स्वरूप चालकाला एरवीं वाकूं-वळूं देतें आणि हिसका बसतांच आवळतें. शर्यतीचा पट्टा मात्र मुळांतच घट्ट बांधावा लागतो. त्यामुळें चौकांत पुढें झुकून पाहणें कठीण होतें. तो सैल ठेवल्यास त्याचें कार्यच संपतें. त्यांत मांड्यांमधून जाणारा पट्टा नसेल, तर धडकेंत कमरेचा पट्टा वर सरकून पोटांत रुततो. शिवाय धड जखडलेलें असतांना डोकें मोकळेंच राहतें व मानेवर भयंकर ताण येतो. 2001 सालीं डेटोना येथील शर्यतींत डेल अर्नहार्ट हा नामांकित अमेरिकन चालक कवटीच्या तळाला झालेल्या इजेनें मरण पावला. त्यानंतर मान सांवरणारें साधन मोठमोठ्या शर्यतींत सक्तीचें झालें.

ब्रेकचीहि तीच कथा. शर्यतीचे कांहीं ब्रेक-पॅड तापल्यावरच नीट पकडतात. बाजारांतून हळूहळू जाणाऱ्या मोटारीचे ब्रेक थंड असतात, आणि मूल आडवें येतें तें नेमकें तेथेंच.

कायद्याची बाजूहि ध्यानांत घ्यावयास हवी. मोटार वाहन कायदा, 1988 याच्या कलम 52 अन्वयें नोंदणीपत्रांतील मूळ तपशिलाशीं विसंगत असा बदल वाहनांत करतां येत नाहीं. पिंजऱ्यासाठीं मागील आसन काढल्यास आसनसंख्याच बदलते. आसन ठेवून पिंजऱ्याच्या नळ्यांमध्यें घरच्या मंडळींना बसविणें तर त्याहून अनुचित होय.

मग हौशी चालकानें करावें काय? मोटारीचा मूळ पट्टा आणि हवेच्या पिशव्या अबाधित ठेवाव्या, आणि रस्त्यावर तोच पट्टा मागें बसणाऱ्यांसह सर्वांनीं लावावा. 4 सप्टेंबर 2022 रोजीं पालघर जिल्ह्यांत उद्योगपती सायरस मिस्त्री ज्या अपघातांत मृत्यू पावले, त्यांत मागें बसलेल्या दोघांनीं पट्टा लावला नव्हता, असें पोलिसांनीं सांगितलें होतें. पुढें बसलेले दोघे जखमी झाले, पण वांचले. शिरस्त्राण आणि शर्यतीचे ब्रेक-पॅड मैदानावर पोंचल्यानंतर वापरावे. पूर्ण पिंजऱ्याचाच आग्रह असेल, तर ती मोटार केवळ मैदानासाठीं राखावी आणि दुसऱ्या वाहनावर लादून तेथें न्यावी. हा खर्च ज्याला परवडत नाहीं, त्यानें पिंजऱ्याचा मोह सोडून बेताच्या वेगाच्या स्पर्धांवर समाधान मानावें. त्यांत कमीपणा नाहीं. कारण रस्त्यावर त्या मोटारीशीं चालकाइतकाच बाजूनें पायीं जाणाऱ्याच्याहि जिवाचा संबंध असतो.