वडीलधाऱ्यांचा मेळावा

(ज्युबिलीनिमित्त धर्मग्रामांतील शाळा-कॉलेजांच्या विद्यार्थ्यांपुढें धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीच्या वर्षांत धर्मग्रामांतील वृद्ध स्त्रीपुरुषांसाठीं मेळावा भरविण्याचें तुम्हीं ठरविलें आहे, व त्याविषयीं मीं चार शब्द सांगावे अशी तुमची इच्छा आहे. तुमच्या कार्यक्रमपत्रिकेचा मसुदा मीं वाचला. त्यांत स्वागतगीत आहे, पाहुण्यांचीं तीन भाषणें आहेत, शालींचें वाटप आहे, तुमचीं नृत्यें आहेत आणि शेवटीं भोजन आहे. हें सर्व चांगलेंच आहे. परंतु ज्यांच्यासाठीं हा सारा खटाटोप, त्यांनीं त्या दिवशीं करावयाचें काय? पत्रिकेवरून पाहतां, त्यांनीं खुर्चीवर बसावें, शाल घ्यावी आणि टाळ्या वाजवाव्या, एवढेंच काम त्यांना उरलेलें दिसतें.

वृद्धांच्या सन्मानाचे दिवस आतां जगभर पाळले जातात. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनें १९९० सालीं १ ऑक्टोबर हा दिवस त्यांच्या नांवें केला. पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०२१ सालीं जुलै महिन्याचा चौथा रविवार आजीआजोबांसाठीं नेमून दिला. कारण २६ जुलैस संत योआकीम व संत अन्ना, म्हणजे प्रभु येशूचे आजोबा-आजी, ह्यांचा सण येतो. आपल्या देशांत २०११ च्या शिरगणतींत ६० वर्षांवरील माणसें १० कोटींहून अधिक भरलीं. आणि वृद्ध आईबापांचा सांभाळ मुलांनीं करावा, ह्यासाठीं २००७ सालीं कायदा करावा लागला. ‘करावा लागला’ हे शब्द मीं जाणूनबुजून योजले आहेत.

तुम्हीं मेळावा जुलैच्या त्याच रविवारीं ठेवला आहे. रोमला त्या वेळीं कडक ऊन असतें; आपल्या वसईंत त्या वेळीं धो धो पाऊस असतो, वाटांवर शेवाळ असतें. ऐंशीच्या घरांतील माणूस एकदां घसरून पडला, कीं मांडीचें हाड मोडतें आणि पुष्कळदां तो पुन्हां चालत नाहीं. म्हणून त्या रविवारीं तुम्हीच त्यांच्या घरीं जावें, आणि मेळावा थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारींत, सकाळच्या वेळीं भरवावा, असें माझें मत आहे.

आतां व्यवस्थेविषयीं. शासनानें २०२२ सालीं ७५ वर्षांवरील वृद्धांना एस. टी. चा प्रवास विनामूल्य केला. परंतु घराच्या उंबरठ्यापासून थांब्यापर्यंतची वाट कोणत्याहि ठरावानें लहान होत नाहीं. तेव्हां प्रत्येक आळींत कोण कोणाला रिक्षानें आणणार व परत पोंचविणार, हें नांवानिशीं लिहून ठेवा. खुर्च्या हातांच्या असाव्या. हात टेकण्यास आधार नसेल तर गुडघे धरलेल्या माणसास उठतां येत नाहीं. शौचकूप किती पावलांवर आहे, तेथें पायरी किती उंच आहे, धरावयास दांडी आहे कीं नाहीं, हें आधीं स्वतः जाऊन पाहा. कित्येक वृद्ध स्त्रिया समारंभास येण्याचें टाळतात, किंवा आल्या तर दिवसभर पाण्याचा घोट घेत नाहींत, त्याचें कारण हेंच असतें, आणि तें त्या कोणाला सांगत नाहींत.

ध्वनिक्षेपकाविषयीं तर मला हात जोडून विनंती करावयाची आहे. उतारवयांत बहुधा बारीक, उंच स्वराचे ध्वनि प्रथम ऐकूं येईनासे होतात. स, श, फ हीं व्यंजनें हरवतात आणि शब्दांचा नुसता घुमारा कानीं पडतो. त्यामुळें आवाज वाढविल्यानें गोंगाट वाढतो, अर्थ वाढत नाहीं. समोर तोंड करून, सावकाश, एका वेळीं एकानेंच बोलावें. आणि कृपा करून इंग्रजींतून सूत्रसंचालन करूं नका. आपल्या आज्यांपैकीं कित्येकींना सामवेदीशिवाय दुसरी भाषा मनापासून बोलतां येत नाहीं. त्यांच्याच मेळाव्यांत त्यांना परकें वाटूं लागलें, तर शाल पांघरून ती थंडी जाणार नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. आपल्या गांवांत अशीं घरें वाढत आहेत, जेथें मुलगा आखातांत, मुलगी कॅनडांत, आणि घरांत दोन म्हातारीं माणसें. पैसा येतो, मोबाईलवर नातवंडांचीं तोंडें दिसतात, औषधें वेळेवर मिळतात. परंतु त्यांना कोणी कांहीं विचारीत नाहीं. ‘जेवलांत का’ एवढें विचारतात; ‘हें कसें करावें’ असें कोणी विचारीत नाहीं. तुमच्या मेळाव्यानें तेवढें करावें.

विचारण्यासारखें पुष्कळ आहे. २०१८ च्या जुलैंत वसई पाण्याखालीं गेली, तें तुम्हांला आठवत असेल. पूर्वी पावसाचें पाणी कोणत्या बावखलांत सांठत असे, कोणत्या नाल्यानें खाडीकडे जात असे, कोणतें बावखल कधीं बुजविलें गेलें, हें ज्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें तीं माणसें अजून आपल्यांत आहेत. गांवाचा नकाशा भिंतीवर लावा आणि त्यांना खुणा करूं द्या. रहाटाला बैल कसा जुंपीत, पानवेल कशी बांधीत, राजेळी केळ्यांचीं सुकेळीं किती दिवस उन्हांत ठेवीत, पहांटेच्या गाडीनें फुलें व भाजी दादरला कशी नेत, हें त्यांना सांगूं द्या. लग्नाच्या वेळीं गावयाचीं गाणीं आज्यांना म्हणूं द्या. तुमचें एक नृत्य कमी झालें तरी चालेल. हें सारें लिहून घ्या, मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा. मात्र आधीं परवानगी घ्या. घांस भरवितांनाचीं छायाचित्रें काढून चव्हाट्यावर मांडूं नका. त्यांनींहि एकेकाळीं तुम्हांला घांस भरविले, त्याचें कोणी छायाचित्र काढलें नव्हतें. (मी स्वतः पन्नाशी ओलांडली आहे. आणखी कांहीं वर्षांनीं तुमच्या यादींत माझेंहि नांव येईल, तेव्हां ह्या उपदेशांत थोडा स्वार्थहि आहे.)

पाहुण्यांचीं भाषणें तीनावरून एकावर आणावीं, हेंहि सांगतों. तें एक मलाच करावयास सांगाल, तर मी पांच मिनिटांत आटोपीन.

शेवटीं, जे येऊंच शकणार नाहींत त्यांच्याविषयीं. फ्रान्समध्यें १८३९ सालच्या हिवाळ्यांत जान ज्यूगां नांवाच्या एका गरीब मोलकरणीनें एका आंधळ्या, लुळ्या म्हातारीला आपल्या घरीं आणलें आणि तिला स्वतःचा बिछाना दिला. वृद्धांची सेवा करणाऱ्या एका मोठ्या भगिनीसंघाचा आरंभ त्या बिछान्यापासून झाला, आणि २००९ सालीं पोप बेनेडिक्ट सोळावे ह्यांनीं तिला संतपद दिलें. खाटेला खिळलेली ती म्हातारी कोणत्याहि मेळाव्याला आली नसती. आपल्या धर्मग्रामांत अशा खाटा किती आहेत, त्याची यादी आजारी माणसांना कम्युनियन नेतांना माझ्याजवळ झाली आहे. ती मी तुमच्या चिटणीसास देईन. मेळाव्याचें जेवण वाढण्यापूर्वी त्या घरांचे डबे निघाले पाहिजेत, आणि डबा नेणाऱ्यानें तेथें निदान अर्धा तास बसलें पाहिजे. ज्यांच्या घरीं तो जाईल, त्यांच्याहि आठवणी त्या दिवशींच्या वहींत उतरल्या पाहिजेत.

सुधारलेली पत्रिका, रिक्षांची यादी आणि गांवाचा नकाशा घेऊन येत्या रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर माझ्याकडे या. नकाशा मोठ्या अक्षरांचा आणा.