यंत्राचा लगाम



जुन्या गिरणींतील वाफेच्या यंत्रावर दोन जड गोळे गरगर फिरतांना आपण निदान चित्रांत तरी पाहिले असतील. ते शोभेसाठीं नव्हत. तो त्या यंत्राचा नियामक. पवनचक्क्यांत अशी योजना पूर्वींच रूढ होती; १७८८ सालीं जेम्स वॅट यांनीं ती वाफेच्या यंत्रास लावली. वेग वाढला कीं गोळे बाहेर फांकतात, त्यांस जोडलेली दांडी वाफेची झडप किंचित् मिटते आणि वेग उतरतो. वेग उतरला कीं गोळे खालीं येतात व झडप उघडते. यंत्रानें काय केलें याची वार्ता यंत्राकडेच परत येते, आणि तीच त्याला आवरते. या परतणाऱ्या वार्तेस आजचे इंजिनियर ‘फीडबॅक’ म्हणतात.

परंतु हा लगामच कधीं कधीं घोड्याला उधळावयास लावी. यंत्र एकदां धांवे, एकदां मंदावे, पुन्हा अधिक जोरानें धांवे. ताऱ्यामागें दुर्बीण संथपणें फिरविणाऱ्या यंत्रांतही हाच दोष जॉर्ज एअरी या ज्योतिषशास्त्रज्ञांस आढळला व १८४० सालीं त्यांनीं त्यावर निबंध लिहिला.

असें कां व्हावें? आपल्या घरचा झोपाळाच घ्या. तो आपल्याकडे येत असतां हात आडवा धरला तर तो मंदावतो. तोच हात अंमळ उशिरा, झोपाळा परत फिरल्यावर लावला, तर थांबविण्याच्या हेतूनें केलेली कृति त्याला झोकाच देते. नियामकाचे गोळे जड, यंत्राचें चाक त्याहून जड. वार्ता पोंचून झडप हलेपर्यंत वेळ जातो, आणि दुरुस्ती उशिरा येते.

याहून चमत्कारिक गोष्ट पुढेंच आहे. कारागिरी सुधारली, सांधे गुळगुळीत झाले, घर्षण घटलें. आणि यंत्रें अधिकच चंचल झालीं! ओबडधोबड सांध्यांतील घर्षण आजवर मुकाट्यानें झोके गिळीत होतें, हें फारसें कोणाच्या ध्यानांत आलें नव्हतें.

१८६८ सालीं जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनीं रॉयल सोसायटीपुढें नियामकांविषयीं निबंध मांडला. त्यांचा प्रश्न साधा होता: संथ चालणाऱ्या यंत्रास यत्किंचित् धक्का बसला, तर त्या धक्क्याचें पुढें काय होतें? तो सतत वाढेल; सतत विरेल; वाढत्या झोक्यांनीं हेलकावेल; किंवा घटत्या झोक्यांनीं शांत होईल. यांपैकीं काय घडणार, हें यंत्र घडविण्यापूर्वींच समीकरणावरून सांगतां येतें. त्यांची कसोटी तिसऱ्या घाताच्या समीकरणापाशीं थांबली. १८७७ सालीं राउथ यांनीं ती कोणत्याही घातापर्यंत नेली. केंब्रिजच्या १८५४ च्या गणित-परीक्षेंत हेच राउथ पहिले व मॅक्सवेल दुसरे आले होते!

कारखानदाराला उमजेल असा निकाल मात्र इव्हान विश्नेग्राद्स्की या रशियन इंजिनियरानें १८७६ सालीं दिला. (हे गृहस्थ पुढें रशियाचे अर्थमंत्री झाले.) घर्षण नाहीं तर नियामकही नाहीं, असें त्यांनीं गणितानें दाखविलें. म्हणजे कारागिरानें कष्टानें घालविलेलें घर्षण हेतुपुरस्सर परत आणावयाचें: दांडीला तेलाच्या नळकांड्यांत सरकणारा दट्ट्या जोडावयाचा. दांडी सावकाश हलली तर तेल वाट देतें, झटक्यानें हलली तर अडवितें. याशिवाय आणखी एक किंमत होती. भार वाढल्यावर वेग थोडा उतरलेलाच राहावा, हें मान्य करावें लागे. सर्व भारांवर अगदीं एकच वेग राखूं पाहणारा असा नियामक स्थिर राहत नसे.